गोणीच्या बैलांची वाट

नाना, तू गेलास त्याला आज चोवीस दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगतो. वसतिगृहात सकाळी घंटा होते, मी उठतो, तोंड धुतो, वर्गात जाऊन बसतो. नाव घेतलं की 'हजर' म्हणतो. सगळं व्यवस्थित चाललं आहे. फक्त परवा चपलेत खडा होता तो मला वसतिगृहापासून कॉलेजपर्यंत कळलाच नाही.

लिहायला बसलो तेव्हा आधी 'तुम्ही' असं लिहिलं होतं. इथली मुलं आपल्या काकांना अहो-जाहो करतात. पण मग तो कागद दुसऱ्याच कोणाला लिहिल्यासारखा दिसायला लागला. घरी मी तुला 'तू'च म्हणायचो. तेच ठेवतो.

तार आली त्याच दिवशी पुण्याहून निघालो. जळगावला गाडी बदलली, नंदुरबारला उतरलो आणि कोरीटपर्यंत चालत आलो. तोवर तुला नेऊन झालं होतं. माय दारातच म्हणाली, "हातपाय धुई ले." मी धुतले. ओसरीवर तुझी घोंगडी घडी करून ठेवली होती. भिकनदादा, तुझा मुलगा, डोकं भादरून बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

हे मी कॉलेजच्या वार्षिकासाठी लिहितो आहे. संपादकांनी मागितलेलं नाही. पण मागच्या वर्षी याच वार्षिकात मी तुझ्या वाटेवर लेख लिहिला होता, त्यामुळे हेही इथेच यायला हवं असं मला वाटतं. बरोबर की चूक, माहीत नाही.

त्या लेखाचं काम इतिहासाच्या सरांनी दिलं होतं. सुटीत आपापल्या भागातल्या जुन्या व्यापारी रस्त्याची माहिती काढून आणा, म्हणाले. इतर मुलांनी गॅझेटियर उघडलं. मला तू आठवलास. रेल्वे येण्याआधी, तरुणपणी, तू एका व्यापाऱ्याच्या तांड्यात गोणीचे बैल हाकायचास. कोरीटहून तापी ओलांडून तळोदा, अक्कलकुवा, खापर, मग डोंगर, सागबारा, राजपिपळा आणि शेवटी भडोच. जाताना तीळ आणि मिरची, येताना मीठ आणि खजूर. लहानपणी हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यात लिहिण्यासारखं काही असेल असं वाटलंच नव्हतं.

मी विचारलं, "नाना, ती वाट लिखाडशी का माले?"

तू हसलास. "वाट लिखाडतस का कोठे? चालतस."

माय ओरडली होती, म्हातारपणी कुठे डोंगर चढायला निघालास म्हणून. तू ऐकलं नाहीस. मी पुण्याहून कॅनव्हासचे बूट आणले होते. ते पाहून तू म्हणालास, "हाई काय घालेल शे पायमा? नवरदेव शे का तू?" दुसऱ्या दिवशी माझ्या टाचा सोलून निघाल्या. पळसाचं पान तव्यावर शेकल्यासारखं दगडावर तापवलंस, टाचेला बांधलंस, आणि तुझ्या वहाणा मला देऊन अनवाणी चाललास. त्या वहाणा मला मोठ्या होत होत्या.

मी वहीत सगळं टिपत होतो. एका वडाखाली तू थांबलास आणि जमिनीवर काठीने मोठा गोल काढलास. मुक्कामाला बैलांच्या गोण्या उतरवून त्यांची अशी गोल थप्पी रचायची, भिंतीसारखी. माणसं आत, जाळ आत, बैल भोवती. वाघाची भीती असायची. मी विचारलं, तू झोपायचास कुठे? तू त्या गोलात नेमका एका जागी जाऊन उभा राहिलास. "आठे." चाळीस वर्षांनी. आणि मग अगदी सहज तिथे आडवा झालास, डोळे मिटलेस. मला वाटलं थकलास. मी वहीत लिहिलं: 'मुक्काम पहिला. वड. पाणी जवळ.' तू आडवा झालास ते लिहिलं नाही. ते माहितीत बसत नव्हतं.

खापर सोडल्यावर अर्ध्या दिवसाने ती घळ आली. ओढ्याने खडक कापून केलेली अरुंद फट. आतून गार वारा येत होता, पलीकडचा उजेड दिसत होता. तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. डावीकडे वळलास आणि चढाला लागलास.

"नाना, आठून जाऊत ना. जवळ पडी."

"ही वाट नही."

"का नही? मानूस जास ना आठून?"

"मानूस जास."

"मंग?"

"मानूस जास. वाट नही जास."

मला हसू आलं. मग रागही आला. ऊन होतं, टाचा दुखत होत्या. मी तुला समजावायला लागलो. व्यापारी हुशार होते, नाना. वेळेची किंमत त्यांना कळत होती. जवळची वाट सोडून ते डोंगराला वळसा कशाला घालतील? तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तू कितला बैल हाकेल शेत रे?"

मी म्हणालो, "मी पुस्तकं वाचेल शेत."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. नंतर मी त्या बघण्याचा खूप विचार केला, पण ते कसं होतं ते मला शब्दांत पकडता येत नाही. "बरं," तू म्हणालास. "तू जाय आठून. मी वरथून येस."

मी पाव तासात पलीकडे होतो. दगडावर बसून पाणी प्यायलो, वहीत लिहिलं, डुलकी काढली. दुपार कलली तेव्हा तू वरून उतरताना दिसलास. एका एका पावलाला काठी टेकत. मी म्हणालो, "दख, कितला येळ लागना?" तू म्हणालास, "पानी शे का?" पाणी थोडंच उरलं होतं.

तुझ्याही पाठीवर ओझं नव्हतं. तूही घळीतून येऊ शकला असतास. हे मला त्या वेळी सुचलं नाही.

संध्याकाळी आपण जोमाकाकाच्या पाड्यावर थांबलो. तुम्ही दोघं तांड्यातले जुने सोबती. तुम्ही जोमाकाकाच्या बोलीत काहीतरी बोललात आणि हसलात. मला वाटलं मलाच हसताय, मी तोंड फिरवून झोपलो. दुसऱ्या दिवशी राजपिपळा संस्थानाच्या नाक्यावर शिपायाने अडवलं, कोण, कुठले म्हणून विचारलं. सकाळपासून आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "हाऊ मन्हा पुतन्या. कालेजमा शे." शिपायाने मला सलाम केला. नाना, त्या शिपायाने खरंच सलाम केला, आणि तू माझ्यापेक्षा जास्त लाजलास.

मग मी लेख लिहिला. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. 'या ठिकाणी आमच्या वृद्ध वाटाड्याने वयोमानामुळे वाट चुकवली असावी. व्यापारी तांडे अर्थातच घळीतून जात असले पाहिजेत. नकाशात तसाच मार्ग दाखवला आहे.'

माझ्या खोलीतल्या एकाचे काका वकील आहेत. दुसऱ्याचे मामलेदार. लेख ते दोघंही वाचणार होते. 'माझे काका बैल हाकत असत' एवढं लिहायचं होतं. मी ते दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. 'वाटाड्या' लिहिलं की पेन पुढे सरकत होतं.

दिवाळीत वार्षिक घेऊन घरी आलो. तू ते दोन्ही हातांत धरलंस, नकाशावरून बोट फिरवलंस. बोट उलटं, भडोचकडून फिरत होतं, मी ते सरळ केलं. तू विचारलंस, "तुन्हा कागदमा मन्हं नाव शे का?"

मी म्हणालो, "शे."

एवढंच बोलणं. नाना, मी ते घाईत बोललो असंही म्हणू शकत नाही. मला विचार करायला वेळ होता.

वार्षिक मी तिथेच ठेवून आलो. परत नेलं असतं तर तुला संशय आला असता, असं मला वाटलं. पुढच्याच आठवड्यात तू शाळेच्या गुरुजींना पारावर बोलावलंस आणि सगळ्यांसमोर ते वाचायला लावलंस. हे मला या वेळी भिकनदादाने सांगितलं, तुला जाऊन तीन दिवस झाल्यावर, तिसऱ्याच कोणाचं सांगावं तसं. गुरुजी वाचत गेले. 'वृद्ध वाटाड्या' आलं तेव्हा तू विचारलंस, "हाऊ कोन?" गुरुजी चांगले आहेत, ते पुढचं वाचायला लागले.

त्यानंतर तुझं एक पत्र आलं होतं, गुरुजींच्या हातचं. घरी सगळे बरे आहेत, तू अभ्यास कर, तब्येत सांभाळ. मी उत्तर लिहीन म्हणत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत समोर बसून बोलीन म्हणत होतो. मग तुला ताप आला.

आपल्या घरात जुन्या सोबत्यांना मरणाचा निरोप पायी न्यायचा असतो. भिकनदादाने अग्नी दिला होता, त्याला दहा दिवस गाव सोडता येत नव्हतं. तो म्हणाला, "जोमाकाकाले सांगाले तू जाय. वाट तुले माहीत शे." त्यात टोमणा होता की नाही कळलं नाही. चौथ्या दिवशी मी निघालो, सहाव्या दिवशी पाड्यावर पोचलो. जाताना घळीतूनच गेलो. विचारसुद्धा केला नाही, पाय आपोआप गेले.

जोमाकाकाला आता उठता येत नाही. तो बसून बांबूच्या कामट्या सोलत होता. मी सांगितलं. त्याचा हात थांबला नाही. ती कामटी पूर्ण सोलून झाल्यावर म्हणाला, "चिंधा गया." मग दुसरी कामटी उचलून, "मन्हा पहिले."

मी त्याला विचारलं, त्या रात्री तुम्ही काय बोलून हसलात? तो म्हणाला, "याद नही."

सकाळी त्याने घरच्यांकडून एक बैल बाहेर काढायला लावला. पाठीवर खोगीर, दोन्ही बाजूंना ज्वारी आणि तुरीने भरलेली एकेक गोणी. चिंधाच्या कार्याला आपलं धान्य गेलं पाहिजे, म्हणाला. वेगळी एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. "दहावाना दिन नदीवर मन्ही कडथून ठेव." मग म्हणाला, "वाट माहीत शे ना तुले?"

"माहीत शे," मी म्हणालो. छापून आलेली वाट होती ना ती.

दहाव्याला पोचायचं म्हणून मी बैल सरळ घळीत घातला. वीस पावलांवर तो थांबला. मी हाकललं. तो थोडा पुढे गेला आणि दोन्ही गोण्या दोन्ही खडकांना घासल्या. आणखी एक पाऊल, आणि तो अडकला. पुढे जाईना. मी मागून ढकललं. एका गोणीची शिवण उसवून ज्वारी सांडायला लागली. मला वाटलं, गोण्या उतरवू, पलीकडे वाहून नेऊ, परत चढवू. दोर सोडायला हात घातला आणि तेव्हा आठवलं. पाड्यावर गोणी चढवायला दोन माणसं लागली होती, एक या अंगाला, एक त्या अंगाला, दोघांनी एकदम उचललं तरच खोगीर सरळ राहतं. एकट्याने उतरवता येते. चढवता येत नाही.

आणि हा एक बैल. तुमच्या तांड्यात पन्नास-साठ असायचे.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. बैल शांत होता. त्या गार घळीत मला काहीच वाटत नव्हतं, लाज वाटायला हवी होती ती सुद्धा. फक्त 'मानूस जास, वाट नही जास' हे इतकं सोपं होतं हे दिसत होतं. मग मी बैलाला पाऊल पाऊल मागे घेतलं. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलंच नाही. स्वतःच वळला आणि चढाला लागला.

वरची वाट मी कधी पाहिलीच नव्हती, नाना. न पाहता मी तिला चूक म्हणालो होतो. ती रुंद आहे. दोन लादलेले बैल समोरासमोर आले तरी अंगाला अंग न लागता जातील. चढ असा फिरवत नेला आहे की ओझं मागे ओढत नाही. मध्ये एक झरा आहे, उन्हाळ्यात आटत असावा. त्याच्या वर मोठा माळ आहे, गुडघाभर गवताचा. बैल तिथे चरायला लागला तो हलेना. सूर्य मावळायला आला होता, मीही बसलो. चार तास तू इथून एकटा चालला होतास, पाठीवर काही नसताना, खाली मी डुलकी काढत असताना. तू मला वाट दाखवायला आला होतास आणि ती दाखवून पुरी केलीस. बघायला मी नव्हतो.

रात्री गावात गोण्या उतरवायच्या, सकाळी चढवायला कोणीतरी हात द्यायचं, असं करत मी दहाव्याच्या दुपारी नदीवर पोचलो. माणसं घरी गेली होती. वाळूत पळसाची पानं, विझलेल्या समईची वात, दर्भाच्या काड्या पडल्या होत्या. जोमाकाकाची पुरचुंडी मी तिथे सोडली. योग्य वेळ होती का, कोण जाणे.

घरी भिकनदादा ओट्यावर होता. "उना का साहेब?" तो म्हणाला. "दोन घटका कावळा शिवना नही. समदा म्हनेत, पुतन्या नही म्हनीसन. शेवटले दर्भना कावळा करा."

भाऊबंद बसले होते, शेजारचा सुपडूबाबा होता, गुरुजीही होते. मी बैल धरून अंगणातच उभा राहिलो आणि म्हणालो, "मी खोटं लिखं व्हतं. लादेल बैल घळमाईन जास नही. नानानी वाट खरी शे."

मग सुपडूबाबा म्हणाला, "हाई सांगाले कालेज लागस का रे, भाऊ?"

दोघंतिघं हसले. सुतकाच्या घरात हसू नये, पण हसले. सुपडूबाबा म्हणाला, "गुरुजीनी वाचं तवय बी आम्ही हासनूत. लेकरूनी बैलले मांजर करी टाकं म्हने."

"नाना बी हासना का?" मी विचारलं.

भिकनदादाने माझ्या हातातून कासरा घेतला. "नाना उठीसन गोठामा गया व्हता," तो म्हणाला, आणि बैलाला पाणी दाखवायला घेऊन गेला.

म्हणून आता लिहून ठेवतो. मागच्या अंकात ज्यांनी तो लेख वाचला असेल त्यांनी नकाशातली घळीतून जाणारी रेघ खोडावी. वाट घळीच्या अलीकडे डावीकडे चढते, झऱ्यावरून माळावर जाते आणि जोमाकाकाच्या पाड्याजवळ उतरते. आणि जिथे 'वृद्ध वाटाड्या' असं छापलं आहे तिथे 'माझे थोरले काका चिंधा, राहणार कोरीट' असं वाचावं. ते वाट चुकले नव्हते.

काल सरांना जाऊन घळीची चूक आणि तो वाटाड्या कोण ते सांगितलं. मी घरी कशासाठी गेलो होतो हे वसतिगृहात ठाऊक आहे, सरांना नाही. मला वाटलं रागावतील. पण चूक ऐकून ते खूश झाले. खुर्चीत पुढे सरकून बसले. गोणीच्या रुंदीवरून वाट ठरते, हे कोणत्याच पुस्तकात नाही, म्हणाले. "आणि ते तुमचे सख्खे काका? अहो, मग आधी का नाही सांगितलंत? पुढच्या सुटीत त्यांना इथे घेऊन या. नाहीतर हे प्रश्न तरी विचारून या." त्यांनी तिथल्या तिथे कागदावर प्रश्न लिहून दिले. तू गेलास हे मला सांगता आलं नाही. "विचारतो, सर," असं म्हणून मी बाहेर आलो.

तेव्हा विचारतो, नाना. तांडा पावसाळ्यात बंद असायचा का? मिठाच्या गोणीला आतून काय लावायचे? एका दिवसात बैल किती चालायचा? नदीला पूर असला तर उतार कोण दाखवायचं? ही वाट पहिल्यांदा कोणी आखली, हे तांड्यात कोणी सांगायचं का?

हे सरांचे. माझा एक आहे, तो कागदावर नाही. त्या दिवशी घळीपाशी तू एवढंच म्हणाला असतास की लादलेला बैल इथून जात नाही, तर मी ऐकलं असतं. मला वाटतं मी ऐकलं असतं. तू का सांगितलं नाहीस?